डाग

कांग्वाने पेडल टेबलावर आदळलं.
म्हणाला, याला एकच येतं, बोंब मारणं.
शनिवारी बारमध्ये चालून जातं,
रविवारी चर्चमध्ये पाद्री दातओठ खातात,
आणि परवा चोम्बाच्या आत्याच्या मयतात
मी हळूच एक सूर धरला
तर रडणाऱ्या बायका गप्प झाल्या.

मी घड्याळ पाहिलं. वीज जायला दीड तास.
सळई तापत ठेवली.

चार स्क्रू. तीन निघाले,
चौथा कुणीतरी रागात पिळलेला.
आत मुफुलिराची तांबडी धूळ,
दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, टोप्या घालून,
सोयरिकीला आलेल्या म्हाताऱ्यांसारखे,
आणि बॅटरी उलटी जोडलेली.
जुनी रीत आहे, मी सांगितलं,
यात धन जमिनीला असतं.
कांग्वा हसला. त्याचे काका तिसऱ्या शाफ्टला आहेत.

मग दिसला तो डाग.
शेंगदाण्याएवढा, गरजेपेक्षा जास्त.
असा डाग या गावात एकच माणूस द्यायचा,
बेलबॉटमच्या काळात, रात्रपाळी नसेल तेव्हा,
गावातल्या सगळ्या बँडांचे डबे आमच्या पलंगावर उघडून.
सोल्डर खाणीतून यायचं,
जेवणाच्या डब्याच्या तळाशी, न्शिमाखाली.
आई ते पुसून द्यायची, काही विचारायची नाही.

काय झालं, कांग्वाने विचारलं.
काही नाही म्हटलं, तोंडाशी खर्जाची गर्दी आहे.
दारातला कपॅसिटर मोठा, येईल त्याला आत घेतो.
मी शेजारी लहान बसवला, त्याच्या शेजारी आणखी लहान,
वर तीन घरांचा खटका.
जुना काढला नाही. बारमध्ये लागेल.
आत शिरण्याआधी एक फिरकी ठेवली,
घरात येताना चपला काढाव्यात तशी.

राहिला दुसरा ट्रान्झिस्टर. त्याचा रेझिस्टर ठाम होता,
तिथे फिरता हवा, म्हणजे सूर कधी
कापड फाटल्यासारखा मध्येच तुटेल,
कधी शेवटपर्यंत जाईल.
आणि तो रेझिस्टर बाबांच्या डागाखाली.

भिंग लावलं.
वरून राखाडी, कडेने केसाएवढी चीर.
थंड डाग. कच्चा.
पन्नास वर्षं हा डबा जे ओरडत होता
त्यातलं अर्धं म्हणजे नीट न चिकटलेली तार होती
आणि लोक म्हणायचे, काय आवाज काढतो म्हातारा!

मी हसले असावे. कांग्वा माझ्याकडे बघत होता.
सळई टेकवली. धूर, राळेचा वास,
आणि तो शेंगदाणा एकदम पाणी झाला,
त्यात माझी खिडकी दिसली, वाकडी, क्षणभर.
रेझिस्टर सुटला. नवी तार त्याच पाण्यात बुडवली.
नवं सोल्डर घातलं नाही.
होतं तेच पुरलं, उरलंसुद्धा.

वीज गेली.
ॲम्प गाडीच्या बॅटरीवर लावला.
कांग्वाने खटका मधल्या घरात ठेवला, गिटारचा आवाज उतरवला,
आणि डब्याला कंठ फुटला.
मोठा नाही. झोपेतल्या माणसाला
कुणी नावाने हाक मारावी तेवढा.

पाच मिनिटांनी घसा बसला.
ऑक्टोबर आहे, म्हटलं, जर्मेनियमला ऊन सोसत नाही,
ओल्या चितेंगेत गुंडाळून वाजव.
कमरेचं काढून मीच दिलं, आत दुसरं होतं.
हिरव्या मोरांच्या कापडात तो डबा
नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा दिसत होता, रागीट.

चौथा स्क्रू मी लावलाच नाही.
कांग्वाने अर्धे पैसे दिले,
उरलेले पुढच्या मयताला देतो म्हणाला.