टायमर पुरत नाही

मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं वर,
संध्याकाळी सात ते नऊ.
खालून वॉर्निशचा वास येतो.
सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू,
आणि टेबलावर खेळण्यातला कन्व्हेयर:
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या
त्यावरून जातात, परत येतात,
भरत कधीच नाहीत.

रुमाना मॅडम चोवीस वर्षांच्या. मी सत्तेचाळीस.
सळईच्या मिलमध्ये एकवीस वर्षं
रिलेचं पॅनल माझ्याकडं होतं.
दार न उघडता सांगायचो कोणता रिले चिकटला;
टक् आणि टक् यांच्या मधे
जरासा उशीर व्हायचा, एवढंच.
आता त्या जागी बुटाच्या खोक्याएवढा डबा बसवलाय.
तो काही बोलत नाही.
मालक म्हणाले, शिकून घ्या, नाहीतर गेटवर बसा.

शिडी काढायची, मॅडम सांगतात.
डावीकडं वीज, उजवीकडं काम, मधे अटी.
हे झालेलं असेल
आणि ते झालेलं नसेल
तरच दिवा लागेल.
म्हणलं, यात नवं काय,
आमच्या चंदनझिऱ्यात सोयरिकी अशाच जमतात.
खिल्लारेची विशाखा फस्सकन हसली.

स्टॉपचं बटण मात्र उलटं.
त्यातून वीज सारखी वाहत असते,
वाहायची थांबली की मशीन थांबतं.
उंदरानं तार कुरतडली तरी थांबतं.
"म्हणजे गप्प होणं हाच हुकूम?"
मॅडम म्हणाल्या, "काका, वहीत लिहा."

चौथ्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपलं काम निवडलं.
ज्ञानोबानं लिफ्ट घेतली, चार मजल्यांची;
त्याच्या गावात दुसरा मजला फक्त ग्रामपंचायतीला.
मी टाकी घेतली.
खाली हौद, वर टाकी, दोन फ्लोट, एक मोटार.
"सोपं आहे. नळाला पाणी कधी येतं?"
नवव्या दिवशी. कधी अकराव्या.

मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला.
या टायमरमध्ये मावतात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट,
एकेक दशांश सेकंदाचा.
चोपन्न मिनिटं, छत्तीस सेकंद, वर थोडं.
तासही भरत नाही.
ज्यानं हा डबा बनवला
त्याला वाटलं असेल,
याच्यापेक्षा जास्त कोण कशाची वाट बघतं!

मग काउंटर जोडला.
टायमर संपला की एक, परत संपला की दोन.
दोनशे सदतीस झाले तेव्हा नववा दिवस उजाडला,
तोही स्क्रीनवर, मॅडमनी वेळ पळवली म्हणून.
पण अकराव्या दिवशी आलं तर?
व्हॉल्व्हवाल्या सांडूभाऊचा मेहुणा आजारी पडला तर?
"सांडूभाऊ कोणत्या ॲड्रेसला?" ज्ञानोबा म्हणाला.
सगळे हसले.
मॅडम नाही. त्यांच्याकडं तेराव्या दिवशी येतं.

त्याच रात्री पावणेतीनला द्वारका उठून बसली.
काय झालं?
"हवा आली."
मी कान लावला. रिलेत मुरलेला कान.
काही नाही.
घटकाभरानं पाइप खाकरला,
मग गढूळ धार.
पहिली बादली तिनं बाजूला काढली,
मोटार लावली, पदर खोचून भांडी घासत बसली,
आणि टाकी सांडायच्या आत
वर न बघता बटण दाबलं.

इनपुटला नाव द्यायची मॅडमची सक्ती आहे.
नुसते आकडे चालत नाहीत,
सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही म्हणे.
मी एका बोटानं टाइप केलं: द्वारका.

मॅडम स्क्रीनवर वाकल्या. वाचलं.
खाली कुणीतरी मोटार टेस्टला लावली,
जिना थरथरला, बाटल्या एकमेकींवर वाजल्या.

"नॉर्मली ओपन की नॉर्मली क्लोज्ड?"

म्हणलं, विचारून सांगतो.