सातव्या बास्केटआधीचं झाड

आउलिस चकती फेकण्याआधी
बोट जिभेला लावतो, हवेत धरतो,
आणि म्हणतो, वारा नाही.
स्प्रूसच्या या रानात वारा नसतोच कधी.
तरी तो विचारून घेतो,
रिकाम्या घराची कडी वाजवावी तसा.

सप्टेंबर. कायनूतला शनिवार.
शेवाळ ओलं, ब्लूबेरीची पानं लालभडक,
आमच्या बुटांची नाकं जांभळी.
मी रात्रपाळी संपवून थेट आलेय,
हाताला अजून वॉर्डातल्या सॅनिटायझरचा वास.
किएलो सोळा वर्षांची. मनगट असं झटकते
की दोन बर्चमधल्या फटीतून चकती
पेटीत पत्र पडावं तशी निघून जाते.
आम्हा दोघांचं तसं नाही.
आमची चकती रानात शिरते
आणि रान तिची झडती घेतं.

आवाजावरून कळतं कोण आडवं आलं.
पाइन वाजतो ठण्णकन.
बर्च कोरडा, टाळूला जीभ लावून सोडल्यासारखा.
स्प्रूस मात्र बोलत नाही,
फांद्यांच्या घेरात घेतो ओढून
आणि जरा वेळानं खाली टाकतो,
न आवडलेल्या घासासारखी.

"उट्टं काढतायत," आउलिस म्हणतो, प्रत्येक वेळी.
एकतीस वर्षं हार्वेस्टर चालवला त्यानं.
धरायचं, कापायचं, सोलायचं, तुकडे करायचे,
मिनिटाला एक झाड,
मधे कधीतरी कॉफी.

सातवीला आलं की तो गप्प होतो.
ऐंशी मीटर, सरळ बोगदा,
टोकाला बास्केटच्या साखळ्या चमकतात,
आणि मधोमध, अगदी मधोमध,
एक म्हातारा स्प्रूस.
डावीकडून जावं तर दलदल,
उजवीकडून जायला किएलोचं मनगट हवं.

"हा मी सोडलेला," तो आज म्हणाला.
अठ्ठ्याऐंशीचा मार्च. खोडाला निळा पट्टा होता,
म्हणजे कापायचाच होता.
किएलोनं विचारलं, वर घरटं होतं का?
नाही.
मग आवडला होता?
तो हसला. दात नाहीत तिथून शिट्टी आली.
"चार वाजून वीस झालेले. मशीनचं तोंड पलीकडे.
रिव्हर्स घ्यावा लागला असता."

एवढंच.
त्यावर काय बोलावं कोणाला सुचेना.
दूर कुठे एक सुतारपक्षी कामाला लागला.

त्यानं बोट ओलं केलं. वारा नाही.
फेकली.
माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर
जिथली साल कधीच उडालीय,
लाकूड उघडं, पिवळट, राळेनं चिकट,
तिथंच. आणि स्प्रूस बोलला:
टक्.
चकती मुळांशी उताणी पडली,
पोटावर मार्करनं लिहिलेला त्याचा फोन नंबर.

माझी दलदलीत गेली.
माझ्या चकतीवर वॉर्डाचा नंबर आहे,
घरी मी कोणाला सापडतेच कुठे.
किएलोनं काठीनं ती ओढून काढली,
गुडघ्यापर्यंत काळी होऊन, शिव्या देत.
तेवढ्यात आउलिस फांद्यांखाली रांगत शिरला,
एक गेली फांदीत, एक गवतात,
मग डाव्या हातानं, बसल्याबसल्या, लांबून,
आणि साखळ्या खळखळल्या, शेवटी एकदाच्या.

"पाच," मी म्हणाले, कार्ड काढत.
"सहा लिही."
मी पुन्हा मोजले. पाचच होते.
"एक त्याचा," आउलिस म्हणाला, मागे न बघता,
गुडघे झटकत आठवीकडे निघाला.

पेन्सिलचं टोक मोडलं होतं.
मी नखानं सहा कोरला.