उपवर

रविवारपर्यंत मी पोट्टी होते.
पोट्टी, कुलरमधी पाणी टाक.
पोट्टी, काहून हासते एकटीच?
सोमवारी बाबा बडकस चौकातल्या छापखान्यातून आले
आणि मी उपवर झाले.

घरात कुणी उच्चारला नाही तो.
हाक मारायचा शब्दच नव्हे.
गोळीबार चौकाच्या अख्ख्या लाइनीत
कुणी ओरडलंय का कधी,
ए उपवर, नळ आला, गुंड भर?
तो कागदावर राहायचा,
नाहीतर नंदनवार काकांच्या आवाजात,
खर्रा थुंकून झाल्यावर.

संस्कृतच्या डेकाटे बाईंनी फोड केली होती फळ्यावर:
उप म्हणजे जवळ. उपनदी. उपनगर.
देवाजवळ बसणं, म्हणून उपवास.
मी हात वर केला:
मग मुलगा उपवधू का नाही, बाई?
बाईंनी डस्टर आपटलं.
खडूची धूळ बराच वेळ उन्हात उभी होती.

मागच्या खोलीत बाबांचा माग,
पुढच्या खोलीत मागणीची बोलणी.
दोन्ही शब्द एकाच सुताचे वाटायचे मला.
नसतीलही.

मग समाजाची पुस्तिका आली. पान एकवीस.
कु. इंदुमती दौलतराव पराते,
पाच फूट एक, निमगोरी, बी.ए. भाग एक चालू,
आणि वर ठळक टाइपात:
उपवन मुली.

खिळे जुळवणाऱ्याचा घामेजला हात
र च्या घराऐवजी न च्या घरात गेला असणार.
बाबा चिडले.
पान बदलायचे चाळीस रुपये ऐकून
आणखी चिडले.

मी मात्र कोश काढून बसले.
उपवन: माणसांनी लावलेलं लहान रान.
त्या मे महिन्यात तीन स्थळं आली.
स्थळ म्हणजे तरी काय, जागाच की.
तीन जागा चालत आल्या बागेपाशी,
उंची विचारून गेल्या.

शेवटी छापखान्यानं फुकट दिले
तीनशे बारीक र, एकाच कागदावर.
मी आणि आई कात्रीनं कापत बसलो,
पंखा बंद करून, उडतील म्हणून.
दोनशे नव्व्याण्णव डिंकानं चिकटवले.
आमच्या घरच्या प्रतीतला
मी नुसत्या थुंकीनं लावला.

सत्तेचाळीस डिग्री होतं त्या आठवड्यात.