सात भागिले दोन

पुरानी छावणीच्या शीतगृहात बटाटे झोपतात
दोन पूर्णांक सात अंशांवर.
बाहेर मे. लोखंडी फाटक उघडायचं तर
हाताला ओढणी गुंडाळून.

ऑफिसात एकच कॉम्प्युटर.
त्यातही दोन पूर्णांक सात:
डबीरांनी चौदा वर्षांपूर्वी बसवलेला पायथन,
भाड्याचा सगळा हिशेब त्याच्या पोटात.
मला बोलावलं होतं नव्या वजनकाट्यासाठी.
काट्याला तीनच्या खालचं चालत नाही.
"बस, इतना ही काम है," भदौरियाजी म्हणाले
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

तर, बसवला तीन.
एका बिळात दोन अजगर, नाव एकच.
हाक मारली की ओ कोण देणार
हे रांगेत पुढे कोण उभं, यावर ठरतं.
पुढे, अर्थातच, नवा.
त्यानं डबीरांची फाईल उघडली
आणि छापण्याच्या पहिल्याच ओळीवर अडला:
कंसात लिहून आणा.
दुसऱ्या छापण्यालाही तेच, तिसऱ्यालाही.
बँकेत बदलून आलेला साहेब जसा,
सही तीच, माणूस तोच, पण चौकटीत हवी.

दोनशे एकतीस कंस घातले.
मध्ये चहा आला, दोनदा वीज गेली,
कुणाचा तरी ट्रक उलटा लागला म्हणून
हमाल अर्धा तास भांडले.
चार वाजता बिल निघालं.

चुकीचं निघालं.
शकुंतला कुशवाह, टिक्कीचा ठेला, सात कट्टे.
दर दोन कट्ट्यांमागे.
जुना म्हणायचा, सात भागिले दोन: तीन.
नवा म्हणतो, साडेतीन.

बरोबर नवाच आहे.
लष्करच्या शाळेत आम्हाला निमकी कुणी शिकवली नाही,
पण साडेतीन मलाही कळतात.
जुन्याला पूर्णांक दिला की पूर्णांकच दिसायचा,
उरलेला अर्धा तो खाली टाकून
पुढच्या ओळीवर निघून जायचा.
चौदा वर्षं.
विषम कट्टे ठेवणाऱ्या प्रत्येकाचा अर्धा.
भदौरियाजींचे किती गेले
ते मी कॅल्क्युलेटरवर काढलंही.
मग पुसलं.

कारण त्या ओळीवर एक टीप होती.
जुन्याला देवनागरी झेपत नसे
म्हणून डबीरांनी मराठी लिहिली होती इंग्रजी अक्षरांत,
मला आधी एखाद्या औषधाचं नाव वाटलं.
ओठांनी वाचली तेव्हा कळली.
अर्धा सोडला. मुद्दाम.

मुद्दाम.
डबीर कुठे असतात विचारलं तर
"पूना चले गए,"
इथले सगळेच मराठी शेवटी जातात तसे.
ही टीप वाचू शकेल असं
कधीतरी कुणी येईल म्हणून लिहिली त्यांनी,
की कुणीच येणार नाही म्हणून?

भागाकाराच्या तिरक्या रेघेला लागून
मी दुसरी रेघ ओढली.
तीनमध्ये अर्धा सोडायचा तर
तसं सांगावं लागतं,
आपोआप सुटत नाही.
माझं काम खरं तर वजनकाट्यापुरतं होतं.

नव्याला देवनागरी येते.
टीप पुन्हा लिहिली, काना-मात्रा-वेलांटीसकट,
खाली आजची तारीख.

"हो गया?"
हो गया.
प्रिंटर खरखरला. कुशवाह, सात कट्टे, तीन.
भदौरियाजींनी कागद फाडून घेतला,
चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी धरला.
"पहले जैसा ही है," म्हणाले,
आणि पंखा स्वतःकडे वळवून घेतला.