पाठीकडून

एस्पान्योलाच्या दुपारी धूळसुद्धा चमकते,
तशी आडेल्मोची चारही चाकं चमकत होती,
फरशीवर मांडलेली, तोंडं वर करून.
"बघा," तो म्हणाला.
एउफेमियोने बघितलं नाही.
एक चाक उचललं, पालथं घातलं.

"तोंड सगळेच बघतात. पाठीला विचार."

कडेपासून कडेपर्यंत सरळ फळी टेकवली,
फळीपासून टेप सोडली आत,
चाक हबला चिकटतं त्या सपाटीपर्यंत.
सहा इंच.
"आठ इंची म्हणून घेतलंस ना? ओठांसकट नऊ भरतं.
नवाचा मध्य साडेचार.
सहातून साडेचार गेले, दीड.
दीड इंच तुझं चाक गाडीच्या पोटात शिरणार.
सपाटी बाहेर सरकली की चाक आत जातं.
उलटं वाटतं. आहेच उलटं."

आडेल्मोने बोटांवर हिशोब केला,
दोनदा. दोन्हीदा वेगळा आला.

"आणि सपाटी आत असली तर?"
"तर चाक फेंडरबाहेर उभं,
रुसलेल्या व्याह्यासारखं.
दिसतं रुबाबदार.
बेअरिंगला विचार, किती जड जातं ते."

मग थोडा वेळ नुसताच टेप गुंडाळत राहिला.
"एकोणऐंशी साली मी नजरेनं बसवली होती चाकं,
डेल्फिनाच्या इम्पालाला. नजरेनं!
सरळ रस्त्यावर लोणी.
चिमायोच्या वळणांवर टायर ब्रेकची नळी चाटायला लागला,
चाटत राहिला.
सात मैल चालत आली ती,
सँडल हातात घेऊन.
नळीचा तुकडा माझ्या ताटाशेजारी ठेवला
आणि आठ दिवस बोलली नाही."

तो तुकडा अजून आहे, टेपच्या खणात.
आडेल्मोला त्याने दाखवला नाही.
मी पाहिलाय, झाडताना.

शनिवारी दुसरी चाकं आली, पाचाची,
जरा कमी चमकणारी.
मागच्या सीटवर शेजारच्या कासिल्दाबाईंना बसवलं,
त्यांच्या दोन्ही भावांना,
आणि कुत्रा स्वतःहून चढला.
स्टीअरिंग पूर्ण डावीकडे. पूर्ण उजवीकडे.
एउफेमियो गुडघ्यांवर, कान टायरपाशी.
टायर आणि लोखंड यांच्यामध्ये
एक बोट घातलं, फिरवलं,
बाहेर काढून पँटला पुसलं.
"मावतंय."

"उतरू का मग?" कासिल्दाबाई म्हणाल्या.
"नका," तो म्हणाला,
"चिमायोपर्यंत जाऊन या."