जास्तीची बशी

चोवीस डिसेंबर, पोझनान.
दुपारपर्यंत सहा नंबरची ट्रॅम चालवली
आणि सीट मागे न सरकवताही
माझं पोट हँडलला टेकलं नाही.

चौथ्या मजल्यावर गेनोवेफा मावशी.
बारा पदार्थांचा वास जिन्यातच भेटला,
ज्याची उधारी थकलीय अशा
जुन्या मित्रासारखा.

टेबलक्लॉथखाली वाळलं गवत.
माणसं सहा, बशा सात.
सातवी, कुणी अवचित दार वाजवलंच
तर उपाशी जाऊ नये म्हणून.

सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी
माझं पोट केळ्याएवढं केलं.
उरलेलं कुठे टाकलं, मी विचारलं नाही.
त्यात बरंच काही होतं.
रोमानचं न परतणं पोटात घातलं होतं,
आईचे टोमणे घातले होते,
डेपोतल्या पोरांनी माझ्या खुर्चीला ठेवलेलं नाव.
प्रत्येकावर पावाचा एक थर, वर लोणी.
आता कुणाचं काही पोटात घालायला
जागाच नाही.
तोंडाने बोलावं लागतं.
गेल्या महिन्यात बोलले, डेपोत, सगळ्यांसमोर.
घरी येऊन एक अंडं उकडलं.
अर्धंच गेलं.

आधी प्रथिनं, घास वीसदा चावायचा,
जेवताना पाणी नाही,
हे सगळं दवाखान्याच्या कागदावर होतं.
न्हाणीची जाळी केसांनी तुंबेल, हे नव्हतं.
भूक गेल्यावरही भुकेची वेळ
रात्री साडेदहाला येतच राहील, हेही नव्हतं.
निवृत्त झालेला माणूस
सवयीने स्टॉपवर येऊन उभा राहतो, तशी.
मी त्याला ओळखते.
घंटा वाजवून पुढे निघते.
कधीकधी थांबतेही.

मग मावशीने चर्चमधून आणलेली
कागदासारखी पातळ पांढरी पोळी काढली.
प्रत्येकाने प्रत्येकाच्या हातातून तुकडा मोडायचा,
वर्ष बरं जावो म्हणायचं, आणि खायचा.
नखाएवढा.
एका बैठकीला अख्खा मासा लागणारे
काझिमिएश काका,
तेसुद्धा नखाएवढा.
ती दोन मिनिटं
त्या खोलीतलं प्रत्येक माणूस
माझ्याइतकंच जेवत होतं.
एवढंसंच का, असं कुणी म्हणालं नाही.

मग बिटाचं सूप आलं, आणि मावशीचा डाव.
बाराही चाखले नाहीत तर वर्ष अपुरं जातं गं.
मी चहाचा चमचा मागून घेतला.
सूप, हेरिंग, मशरूम, कार्प माशाचा एक पापुद्रा.
पाचव्याला छातीत कुणीतरी दार लावून घेतलं.
मी चमचा खाली ठेवला.
वर्षाचं काय व्हायचं ते होवो.

आठ वर्षांच्या तिमेकने विचारलं,
तुला लहान मुलाचं पोट बसवलंय का?
काटे हवेतच थांबले.
हो, म्हटलं, त्याला अजून शिकवतेय.
तो विचार करून म्हणाला,
मग त्याला सूप देऊ नकोस,
माझ्यालाही आवडत नाही.

रात्री सगळे प्रार्थनेला गेले.
पाय दुखतात म्हणून मी मागे राहिले.
पाय दुखत नव्हते.
खोटं कशाला सांगू,
हात फ्रिजकडे गेलाच.
वर्षानुवर्षं मी अशीच जेवले आहे,
उभ्याने, त्या एवढ्याशा उजेडात,
पावलांचा कानोसा घेत,
चोरासारखी, स्वतःच्याच घरात.

एक पिएरोगी उचलली.
मग काय झालं कोण जाणे,
मोठा दिवा लावला.
सातवी बशी कोरडीच होती, ती घेतली.
काटा घेतला. खुर्ची ओढली.
बसले.

कोबी, मशरूम, मिरी.
आणि कसला तरी हिरवा, वाळलेला वास.
मारजोरम!
या घरात हजारभर तरी खाल्ल्या असतील मी,
मावशी त्यात मारजोरम घालते
हे मला आज कळलं.

अर्धी उरली.
लपवली नाही, फेकली नाही,
वाटी पालथी घालून तिथेच ठेवली.

जिन्यात पावलं वाजली.
मी उठले नाही.