रेक्झिनखाली

माणूस गाडीवरून उतरायच्या आधी
मी त्याची टाकी वाचून घेतो.

मधोमध, बेंबीच्या समोर, बोटभर पांढुरकं झालंय:
हा बक्कलवाला.
दोन्ही बाजूंना उभे, बारीक, ओळीनं ओरखडे:
पऱ्हाटीचा भारा पुढ्यात घेऊन
पांदणीनं आलेला.
झाकणाभोवती रिंगण:
किल्लीला जुडगा, जुडग्याला घराचं, गोठ्याचं, कपाटाचं सगळं लटकवलेलं,
पेट्रोल भरताना ते गोल फिरतं.
अन् खाली दोन अर्धचंद्र असले
तर पोरगं पुढं बसतं, पायात वाळे आहेत.

दारव्ह्याला, आर्णी रोडवर, कडुलिंबाखाली माझं दुकान.
बाप पिंजारी होता. त्याची कमान अजून आढ्याला,
तात सुटलेली.
माझ्याकडे फोम, रेक्झिन, अठरा नंबरची सुई.
सगळ्या मुलखात कापूस,
माझ्या दुकानात फक्त अस्तराला.

कव्हर मी लगेच शिवून देत नाही, आधी बोलतो.
"कोरडी धूळ पुसू नको बे. सोयाबीनचा भुसा
अन् काळ्या मातीचा कण फडक्याखाली गेला
का पॉलिशपेपर होते त्याचा.
आधी पाणी सोड, मंग जुन्या लुगड्याचा तुकडा फिरव.
बक्कल सरकव बाजूले.
अन् कव्हर घातलं म्हनून झोपू नको,
पंधरा दिवसाले काढून झटक,
नाई त आतली रेती रोज घासते
अन् वरून तुले वाटते, टाकी नवी हाय."
अर्धे ऐकत नाहीत.
"निजामभाऊ, किती घेशील ते सांग."

शालिक कुमरे वायरमन आला. हिरवी टाकी.
पक्कड, टेस्टर, लोखंडी हूक, सेफ्टी बेल्ट,
मला वाटलं, हिची चाळणच असेल.
पण टाकीत माझं तोंड दिसत होतं.
पट्टा मागच्या सीटला बांधलेला:
खांबाखाली लावायचा,
उतरला की सोडायचा, अन् मगच गाडीवर टांग.
सतरा वर्षं.

एकच ओरखडा. डाव्या बाजूला, गुडघ्याच्या वर.
काडीएवढी उभी रेघ, तिला एक वाकडी
लागता लागता थांबलेली.
"हा काढून टाकतो," मी म्हटलं, "कंपाउंडनं, दहा मिनिटं,"
अन् अंगठा तिथं नेला.
त्यानं माझा हात बाजूला केला
उलट्या पंजानं,
तार चालू आहे का बघतात, तसा.

"राहू दे ते. पोट्टीनं कर्कटकानं केलं.
दुसरीत होती. नाव लिहत होती, मी वरडलो.
तेवढ्यावरच राह्यलं."
"कोनतं अक्षर?"
त्यानं मान तिरपी करून बघितलं, नवीन असल्यासारखं.
"मंजिरी नाव. म म्हनतो मी.
तिले इचारलं त म्हनते, बैल काढत होती."
"कुठं असते?"
"नर्सिंगले. वर्ध्याले."

कव्हर त्याला पाहिजे होतं,
पण तिथं घासणारं नको होतं.
मी चहा सांगितला. विचार केला.
मग आतून फलाटीन लावली, दुहेरी,
अन् त्या जागी चार बोटं खिडकी कापून
वह्यांना घालतात ते पारदर्शक प्लॅस्टिक शिवलं,
कडेनं लाल पायपिंग.
प्लॅस्टिक रेघेला टेकू नये म्हणून
कडेला कापसाची वात भरली.
बापाच्या हाताचं तेवढंच मला येतं.

त्यानं पैसे दिले, दहा कमी,
मी मागितले नाहीत.

पुढच्या बाजाराला दोघं आले. खिडकीचं कव्हर पाहिजे.
एकाला देवाचा फोटो लावायचा होता, लावून दिला.
दुसऱ्याची टाकी मी नीट बघितली,
उन्हात, सावलीत. नवी कोरी, कुठं काही नाही.
"खिडकी कुठं पाडू?"
तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.
"पाड खालच्या अंगाले कुठंबी," म्हणाला.
"पोट्टी लहान हाय अजून."